मशीन गार असतानाच बघायचं

शिरोली एमआयडीसीतल्या एका यार्डात सकाळी आठला मी, माझा धाकटा भाऊ आणि आमचे मिस्त्री असे तिघं पोचलो, तेव्हा मशीन धुऊन-पुसून उभं होतं. नवा रंग, टायरना काळं पॉलिश, बकेटच्या दातांवरसुद्धा रंगाचा हात. विकणाऱ्याने कौतुकाने किल्ली पुढे केली. मिस्त्रींनी ती घेतलीच नाही. ते सरळ मागे गेले, मागचं दार उघडलं आणि इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले. मग दार लावून म्हणाले, "शेठ, उद्या सकाळी येतो. तवर मशीन चालू करू नका. गार असताना बघायचंय."

"अहो, बाहेर काढायला जरा फिरवलं होतं फक्त."

"असू दे की. उद्या येतो म्हटलं."

धाकटा भाऊ परतीच्या वाटेवर गप्प होता. पन्नास किलोमीटर येऊन मशीन चालू करून पाहायचंही नाही, हे त्याला पटलं नव्हतं. मिस्त्री मागच्या सीटवरून म्हणाले, "मालक, गरम इंजिन कुणाचंबी एका किल्लीत चालू होतंय. रात्रभर गार पडलेलं इंजिन खोटं बोलत न्हाई. आपण यायच्या आधी त्यानं गरम केलं, त्यातच आपल्याला निम्मं उत्तर मिळालं."

भाऊ रस्त्यांची आणि कारखान्यांच्या आवारातली काँक्रीटची कामं घेतो. गेली तीन-चार वर्षं तो तासाच्या भाड्याने ‘बॉबकॅट’ आणायचा. आपल्याकडे मागे सोंड असलेलं कुठल्याही कंपनीचं मशीन जसं ‘जेसीबी’, तसं हे बुटकं, चार चाकांचं, जागच्या जागी गर्रकन फिरणारं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, ‘बॉबकॅट’च. कागदोपत्री नाव स्किड स्टिअर लोडर. भाड्यात जाणारे पैसे पाहून त्याने जुनं विकत घ्यायचं ठरवलं. मी यंत्रांबद्दल लिहीत आलो असलो तरी जुनं मशीन विकत घेताना मिस्त्री नेमकं काय पाहतो, ते शेजारी उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांच्याबरोबर निघालो.

या मशीनचा जन्म एका खुराड्याच्या अडचणीतून झाला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाचं छोटं गाव आहे. तिथे सिरिल आणि लुई केलर या भावांचं दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. जवळच्या एका टर्कीपालकाची अडचण अशी, की त्याचं खुराडं दुमजली होतं आणि मध्ये खांब होते. ट्रॅक्टर आत वळत नव्हता, वरच्या मजल्याला त्याचं वजनही पेललं नसतं आणि घाण हाताने उपसायला माणसं लागत होती. खांबांमधून वळेल आणि वर चढवता येईल एवढं हलकं काहीतरी कर, असं त्याने सांगितलं. १९५७ साली केलर बंधूंनी त्याला तीन चाकांचं लोडर करून दिलं. पुढे दोन चालती चाकं आणि मागे खुर्चीला असतं तसं फिरतं एक चाक. पुढच्या वर्षी ते मिनेसोटाच्या राज्य जत्रेत मांडलं गेलं. नॉर्थ डकोटातल्या ग्विनर गावच्या मेलरो कंपनीने ते बनवण्याचे हक्क घेतले आणि दोघा भावांना कामावरही घेतलं. १९६० मध्ये मागचं एक चाक जाऊन दोन आली आणि १९६२ पासून बॉबकॅट हे नाव लागलं. बॉबकॅट म्हणजे तिकडचं एक रानमांजर. केलर बंधूंचं नाव २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात गेलं.

ही कथा सांगायचं कारण एवढंच, की मशीन आधी आणि काम मागून असं इथे झालं नाही. खांब होते, मजला होता, घाण होती आणि त्या मापाचं मशीन झालं. जुनं मशीन घ्यायला निघालेला माणूस बरोबर उलट करतो. आधी मशीनच्या प्रेमात पडतो, मग त्याला काम शोधतो. माझा भाऊही तेच करत होता.

या मशीनला स्टिअरिंग नाही. चाकं वळतच नाहीत. डाव्या बाजूची दोन्ही चाकं एका हायड्रॉलिक मोटरवर, उजवीकडची दोन्ही दुसऱ्या मोटरवर. प्रत्येक मोटरला स्वतःचा पंप. डावी बाजू पुढे आणि उजवी मागे केली की मशीन चाकं घसटत जाग्यावर फिरतं. मोटरपासून पुढच्या-मागच्या चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या जाड साखळ्या मशीनच्या पोटात, तेलाने भरलेल्या बंद पेटीत असतात. तिला सगळे चेनकेस म्हणतात. मशीनचं दुखणं बहुतेक वेळा तिथे असतं आणि गिऱ्हाईक मात्र ब्लॉकवरचा रंग आणि सीटचं कव्हर पाहत राहतं.

दुसऱ्या दिवशी सातलाच गेलो. ब्लॉक गार होता. मिस्त्रींनी अजूनही किल्ली लावली नाही. आधी पायाखालचं रबरी मॅट उचललं. खाली, नव्या रंगाच्या कडेला, बारीक काळी वाळू साचलेली. त्यांनी चिमूट बोटांत चोळली. "फौंड्रीचं हाय." कोल्हापूरच्या माणसाला ही वाळू ओळखायला शिकवावं लागत नाही. साच्याची ती वाळू एअर फिल्टरच्या फटीतून इंजिनात गेली की रिंगा आणि लायनर खाते, पिनांमध्ये गेली की बुश खाते. मिस्त्री म्हणाले, मशीन कुठे राबलंय ते विचारायचं नसतं, खरवडून बघायचं असतं. पांढरी कडक खपली म्हणजे काँक्रीटचा प्लँट. रेडिएटरच्या जाळीत उसाचं तूस म्हणजे साखर कारखान्याचा बगॅस. सांध्यासांध्यांतून फुगून आलेला गंज म्हणजे बंदर. तिथे हे मशीन क्रेनने जहाजाच्या पोटात उतरवतात, तळाला राहिलेला माल गोळा करायला, आणि खारी हवा त्याला आतून पोखरते.

मग किल्ली. तीनदा फिरवल्यावर इंजिन धरलं. पांढरा धूर निघाला आणि निघतच राहिला. मिस्त्रींनी तेल भरायचं झाकण सैल केलं. झाकण हातात थडथडत होतं, खालून धुराचे झोत येत होते. पिस्टनजवळून गळती होऊन दाब खाली क्रँककेसमध्ये उतरत होता. "इंजिन उतरलंय," ते हळूच म्हणाले.

तरी ते थांबले नाहीत. पोटाखाली लाकडी ठोकळे लावून मशीन उचललं, चारी चाकं अधांतरी. एकेक चाक दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवलं. उजवं मागचं चाक जवळजवळ चार बोटं रिकामं फिरायचं आणि मग आत ‘कट्’ असा आवाज. चेन ताणून लांब झाली होती. शेवटी चेनकेसचा नट जरासा सैल करून एका वाटीत तेल घेतलं. दुधाच्या चहाचा रंग. आत पाणी गेलेलं. वाटी उन्हात धरली तर तळाशी चमचम. ती धातूची चूर, बेअरिंग आणि चेन झिजून झालेली. चेनकेसमधलं तेल ठरल्या पातळीपेक्षा जास्त दिसलं तरी खूश व्हायचं नाही, हेही तेव्हाच कळलं. मोटरचं सील गेलं की हायड्रॉलिकचं तेल गळून तिथे साचतं.

ते मशीन आम्ही सोडलं. विकणारा किंमत खाली आणत फाटकापर्यंत आला. माझ्या मते अशा वेळी किंमत ऐकायचीच नाही.

पुढचे पंधरा दिवस मशीन मिळत नव्हतं, त्यामुळे बोलायला वेळ मिळाला. भावाच्या डोक्यात यादी होती: ब्रेकर, झाडू म्हणजे रस्ता झाडणारा फिरता ब्रूम, खड्डे मारायचा ऑगर, पॅलेट उचलायचा फोर्क, आणि जमलं तर डांबर खरवडायचा प्लॅनर. एका मशीनवर इतकी अवजारं लागतात हेच या मशीनचं वैभव. पुढच्या पट्टीवर दोन लिव्हर दाबले की खालून दोन पाचरी अवजाराच्या खाचेत उतरतात आणि दहा मिनिटांत लोडरचा झाडू होतो. बहुतेक कंपन्यांनी आता ही पट्टी एकाच मापाची ठेवली आहे, त्यामुळे एका कंपनीचं अवजार दुसऱ्याच्या मशीनला बसतं. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं.

मी भावाला त्याच्या भाड्याच्या जुन्या वह्या काढायला लावल्या. दोन रात्री आम्ही तास मोजले. निम्म्याहून जास्त तास झाडण्याचे आणि राडारोडा उचलण्याचे. ब्रेकर वर्षात मोजके दिवस. ऑगर एकदाच, एका कुंपणाला. प्लॅनर कधीच नाही. त्याला वाटत होतं की तो फोडण्याचं काम करतो. वह्या सांगत होत्या की तो साफसफाईचं काम करतो. मग ठरलं: बकेट आणि झाडू घ्यायचा, ब्रेकर लागेल तेव्हा भाड्याने आणायचा. दुसऱ्याच्या ब्रेकरची झीज आपण कशाला पोसायची?

काम ठरलं की वजनाचा हिशेब येतो. मशीन किती उचलेल याचा आकडा प्लेटवर असतो. चाकांच्या स्किड स्टिअरला तो, मशीन पुढे कलंडायला जेवढं वजन लागतं त्याच्या निम्मा धरतात. १,३०० किलोला जे मशीन तोंडावर पडतं, त्याची ठरलेली क्षमता ६५० किलो. आता ०.४ घनमीटरची बकेट घ्या. शेणखताने भरली तर चारशे किलोच्या आत, काळजी नाही. तीच बकेट ओल्या वाळूने भरली तर साडेसातशे किलोच्या घरात. म्हणजे गोठ्यात जे मशीन निवांत चालतं, तेच वाळूच्या ढिगावर मर्यादेबाहेर जातं, आणि ऑपरेटरला बाहेरून दोन्ही बकेटा सारख्याच भरलेल्या दिसतात. अवजाराचं स्वतःचं वजनही यातच धरायचं. कचरा गोळा करणारा झाडू तीनशे-चारशे किलोचा सहज असतो.

दुसरा हिशेब तेलाचा. मिस्त्रींचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं: "फ्लो म्हणजे वेग, प्रेशर म्हणजे जोर." मध्यम आकाराच्या मशीनमधून अवजाराकडे मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर तेल जातं. हाय फ्लोचं मशीन शंभराच्या वर देतं. झाडू, ऑगर, छोटा ब्रेकर साध्या फ्लोवर चालतात. प्लॅनरला मात्र भरपूर तेल लागतं. कमी फ्लोवर तो चालतो असं वाटतं, पण दात डांबरात अडकून अडकून थांबतो आणि तेल तापत राहतं. जुन्या मशीनचं आणखी एक दुखणं असं, की झिजलेला पंप तेल गार असताना बरा वाटतो, तेल तापून पातळ झालं की आतल्या आत गळतो. म्हणून इंजिन गार पाहायचं आणि हायड्रॉलिक गरम. मशीन तासभर राबवायचं, मग मातीच्या ढिगात बकेट खुपसून दोन्ही बाजूंनी जोर लावायचा. एक बाजू ढिली पडली की मशीन तिकडे ओढतं. तिथे पंप किंवा मोटर बसत आली आहे असं समजायचं.

आणि तिसरी नळी. अवजाराला दोन जाड नळ्या असतात, जाणारी आणि येणारी. काही अवजारांना, विशेषतः प्लॅनरसारख्या मोठ्या मोटरच्या, एक बारीक तिसरी नळी असते. मोटरच्या पोटात झिरपलेलं तेल ती बिनदाब टाकीकडे परत नेते. जुनं अवजार घेताना ती बरेचदा गायब असते किंवा तिच्या तोंडाला बूच मारलेलं असतं. भावाच्या ओळखीच्या एका ठेकेदाराने ‘दोन लावल्या की चालतं’ म्हणून प्लॅनर सुरू केला. तेलाला जायला वाट नाही, दाब वाढला, सील उडालं आणि रस्त्यावर तेलाचं तळं झालं.

मशीन शेवटी पुण्याकडच्या एका बांधकामावरून मिळालं. रंग उडालेला, दार खरचटलेलं. मिस्त्री लांबूनच खूश झाले, कारण प्रत्येक पिनेच्या कडेला जुन्या ग्रीसचा जाड कॉलर जमला होता. कुणीतरी रोज ग्रीस मारत होतं. गार इंजिन पहिल्या किल्लीत धरलं. धूर आला आणि मिनिटात विरला. सीटच्या फोमची झीज, पेडलचं रबर आणि मीटरवरचे तास एकमेकांशी जुळत होते. मीटर बदलता येतं, पेडल कुणी बदलत नाही. बकेट उचलणाऱ्या भुजा वर करून इंजिन बंद केलं तर त्या जागच्या हलल्या नाहीत. चेनकेसचं तेल काळसर पण स्वच्छ. दोष होते. पुढच्या पट्टीच्या पाचरी झिजल्या होत्या, एका सिलिंडरच्या दांड्याचं क्रोम सोललेलं होतं, आणि एका बाजूला पुढे नवा टायर व मागे गुळगुळीत. हा टायरचा प्रकार साधा दिसतो पण वाईट. एका बाजूची दोन्ही चाकं साखळीने बांधलेली आहेत. एकाचा घेर मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर ती एकमेकांशी भांडत राहतात आणि ते भांडण साखळीला सोसावं लागतं.

पण मिस्त्री अडून बसले ते वेगळ्याच गोष्टीवर. सीटखाली त्यांना लाल वायरचा एक तुकडा सापडला. ऑपरेटरच्या मांडीवर येणारा जो बार असतो, तो खाली ओढल्याशिवाय भुजा हलू नयेत अशी सोय असते. कुणीतरी वायर टाकून ती मारली होती. भाऊ म्हणाला, "काका, ते आपण नंतर बघू." मिस्त्री म्हणाले, "नंतर न्हाई. हे जोडल्याबिगर मी चालवणार न्हाई, तुमच्या पोरालाबी बसू देणार न्हाई."

त्यांच्या हट्टाचं कारण या मशीनच्या घडणीतच आहे. ऑपरेटर बकेटवरून, पुढून आत चढतो आणि त्याच्या दोन्ही कानांजवळून लोखंडी भुजा वर-खाली होतात. भुजा वर असताना तो काही पाहायला बाहेर वाकला आणि पाय किंवा हात कंट्रोलला लागला, की भुजा आणि सांगाड्यामध्ये माणूस सापडतो. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-सुरक्षा संस्थेने १९९८ साली स्किड स्टिअरमुळे होणाऱ्या मृत्यूंवर खास इशारापत्र काढलं होतं, त्यातही हीच तऱ्हा सांगितली आहे. जिथे बार, पट्टा, केबिनची जाळी शाबूत नाही आणि भुजा वर अडवून ठेवायचा टेकू हरवला आहे, ते मशीन कितीही स्वस्त असो, दुरुस्त केल्याशिवाय त्यात माणूस बसवणं मला गुन्हा वाटतो. वायर काढायला अर्धा तास लागला. स्विच नवा टाकला.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसी, विमा, दुसऱ्या जिल्ह्यातून आणायचं तर एनओसी, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५. चेसिस नंबर कागदावरून वाचायचा नाही, मशीनवर कोरलेला स्वतः घासून वाचायचा. कारखान्याच्या आवारातच आयुष्य गेलेल्या काही मशीनचं पासिंगच झालेलं नसतं. ते रस्त्याच्या कामाला घेणाऱ्याने शंभरदा विचार करावा. १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम-यंत्रांना प्रदूषणाचे नवे नियम लागले. त्याआधीच्या बऱ्याच मशीनचा डिझेल पंप गावातल्या मिस्त्रीला कळतो, नंतरच्या बऱ्याच मशीनना लॅपटॉप लागतो. भावाने जुन्यातलं घेतलं, आणि आमच्या भागाचा विचार करता योग्यच केलं.

आता मशीन भावाच्या शेडमध्ये आहे. ऑपरेटर बावीस वर्षांचा, हुशार पोरगा. मिस्त्रींनी त्याला आठवडाभर शिकवलं. काँक्रीटवर जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही, पुढे-मागे करत वळायचं, टायर दुप्पट टिकतात. रिकामं मशीन मागून जड असतं, म्हणून रिकामं चढावर न्यायचं तर मागचं तोंड वर करून. भरलेलं पुढून जड, म्हणून बकेट चढाच्या बाजूला ठेवायची, उतरताना रिव्हर्सने. नळीतून बारीक तेल उडताना दिसलं तर बोट लावून बघायचं नाही, पुठ्ठा धरायचा. त्या दाबाचं तेल कातडीत सुईसारखं शिरतं, जखम टिकलीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. नळ्या जोडण्याआधी कपलिंगचं तोंड फडक्याने पुसायचं, त्यासाठी खिशात वेगळं फडकं. पाचरी बसल्या का ते लिव्हरवरून मानायचं नाही, खाली वाकून खाचेतून बाहेर आलेलं टोक डोळ्यांनी बघायचं. रेडिएटर रोज हवेने झाडायचा. इंजिनभोवती पाचट, भुसा राहू द्यायचा नाही, तो पेटतो.

परवा सकाळी गेलो तेव्हा पोरगा ग्रीसगन घेऊन फिरत होता. मिस्त्री बादलीवर बसून बिडी ओढत होते. त्याने गन खाली ठेवली. "झालं काका. तेरा निपल."

"चौदा हायत."

पोराने पुन्हा एक फेरी मारली. "तेराच हायत."

मिस्त्री काही बोलले नाहीत. तो मशीनच्या पुढ्यात उकिडवा बसला, मग पाठीवर आडवा झाला आणि बकेट कलवणाऱ्या सिलिंडरच्या बुडाशी टॉर्च मारत राहिला. थोड्या वेळाने त्याने हात बाहेर काढून खिळा मागितला. वाळलेल्या चिखलाचं एक ढेकूळ खिळ्याने उकरून काढलं, फडक्याने जागा पुसली आणि गन लावली. पहिले पाच-सहा दाब काहीच बाहेर आलं नाही. मग पिनेच्या कडेने कोरडं, काळं, वाळूमिश्रित ग्रीस निघालं, त्यामागून तपकिरी, आणि शेवटी स्वच्छ पिवळं. तरी त्याने आणखी दोन दाब मारले.

"चौदा," तो खालूनच म्हणाला.

मिस्त्रींनी बिडी विझवली आणि चहा सांगायला गेले.